डब्ल्यूबीएलएस, १०७.५ एफएम : एका ‘इतर’ बाईचा अभिप्राय

आमच्या फार्मसीत इन्सुलिनच्या फ्रिजवर एक काळा रेडिओ आहे. स्टेशन लावायच्या चाकावर पांढरी मायक्रोपोर टेप चिकटवलेली आहे, जखमेवर लावतो तीच. टेप २००१ साली पहिल्यांदा लागली आणि त्याला कारण मी. नवीनच कामाला लागले होते, शनिवारची दुपार होती, बातम्या ऐकाव्यात म्हणून मी चाक फिरवलं. मग १०७.५, म्हणजे न्यू यॉर्कचं डब्ल्यूबीएलएस, काही केल्या सापडेना. दुकानात सात-आठ गिऱ्हाइकं उभी, सगळी एकदम गप्प झाली. आमच्या कॅशियरबाई काउंटरमागून उठल्या, दोन सेकंदांत स्टेशन लावलं, टेप फाडून चाकावर बसवली आणि मला म्हणाल्या, ‘‘बेबी, याला हात नाही लावायचा.’’ मी तेव्हा एकतीस वर्षांची, बी.फार्म. झालेली, डोंबिवलीत तीन माणसं हाताखाली असलेली. पण हात परत लावला नाही.

दुकान अमेरिकेत, न्यू यॉर्कला लागून असलेल्या जर्सी सिटीत, मार्टिन ल्यूथर किंग ड्राइव्हवर. गिऱ्हाईक बहुतेक कृष्णवर्णीय. आजी-आजोबा साउथ कॅरोलिनातून, जॉर्जियातून आलेले, नातवंडं इथलीच. थोडे हैतीचे, जमैकाचे, आणि गेल्या दहा-बारा वर्षांत बरेच नायजेरियाचे. म्हणजे दिवसाचे नऊ तास, आठवड्याचे पाच दिवस, चोवीस वर्षं मी हे स्टेशन ऐकते आहे. इथल्या मराठी मंडळातल्या मैत्रिणी विचारतात, ‘‘तू ते काय ऐकतेस गं?’’ त्यांच्यासाठी लिहिते. पाचपैकी चार तारे. एक कुठे कापला ते ओघात येईलच.

आधी माल काय मिळतो ते सांगते. सोल, आर अँड बी, सत्तरच्या दशकापासून साधारण दोन हजार दहापर्यंतची गाणी. रॅप थोडं, आणि तेही आता वयात आलेलं. सकाळी बरीच वर्षं स्टीव्ह हार्वीचा कार्यक्रम. विनोद चांगले, पण तो देशभरच्या स्टेशनांवर एकच वाजतो, त्यामुळे न्यू यॉर्कला जायचा हॉलंड टनेल तुंबलाय की तिकडची पाथ रेल्वे बंद आहे याचा त्यात पत्ता नाही. दुपारनंतर स्टेशन न्यू यॉर्कचं होतं. रात्री हळू गाणी. त्या वेळेचा जुना निवेदक वॉन हार्पर आता नाही. त्याचा आवाज असा खोल होता की थंडीत उशिरा दुकान बंद करताना, शटर खाली ओढताना मी मुद्दाम रेडिओ शेवटी बंद करायची. रविवारी हॅल जॅक्सन असायचे. ते २०१२ साली, नव्वदी केव्हाच ओलांडून, गेले आणि जवळजवळ शेवटपर्यंत माइकपुढे होते. आपल्याकडे या वयात आजोबांना रेडिओ लावून देतात. इथे आजोबाच रेडिओ लावत होते.

प्रक्षेपण एम्पायर स्टेट बिल्डिंगवरून होतं. जर्सी सिटीत खणखणीत येतं, एडिसनला ठीक, त्याच्या पुढे दक्षिणेला गेलं की खरखर.

आता या स्टेशनची जात. तिला ‘अर्बन’ म्हणतात. मला पहिली दोन वर्षं वाटायचं, अर्बन म्हणजे शहरी, म्हणजे शहरातल्या सगळ्यांसाठी, म्हणजे माझ्यासाठीही. कॅशियरबाई हसल्या होत्या. ‘‘अर्बन म्हणजे आम्ही,’’ म्हणाल्या, ‘‘फक्त तोंडावर म्हणायचं नसतं.’’ हा शब्द रेडिओच्या धंद्यात रूढ केला तो याच स्टेशनच्या फ्रँकी क्रॉकरने, सत्तरच्या दशकात. स्टेशनचे मालक तेव्हा पर्सी सटन आणि त्यांची मंडळी. हे सटन म्हणजे कृष्णवर्णीयांचे नेते माल्कम एक्स यांचे वकील आणि पुढे मॅनहॅटन बरोचे अध्यक्ष. क्रॉकरचा हिशेब साधा होता : जे चांगलं ते वाजवायचं, गाणाऱ्याचा रंग बघायचा नाही, आणि सगळ्या शहराला ओढून आणायचं. आणलंही. पण जाहिरातवाल्यांना ‘ब्लॅक’ म्हटलं की पाकीट आखडायची सवय होती, तिथे ‘अर्बन’ हा शब्द सोयीचा पडला. आपल्याकडे ‘घर भाड्याने देणे आहे, शाकाहारी कुटुंबास प्राधान्य’ असं लिहितात ना, शब्द जेवणाचा आणि अर्थ माणसांचा, त्याच कुळातला. मग काही वर्षांनी त्या सोयीच्या शब्दावरही पाकीट आखडायला लागलं.

हे मी उगाच म्हणत नाही. जाहिरात एजन्सींच्या ऑर्डरींवर ‘नो अर्बन, नो हिस्पॅनिक’ अशी अट असायची : आमची जाहिरात वाजवा, पण या स्टेशनांवर नको. १९९८ साली जाहिराती विकणाऱ्या एका कंपनीचा अंतर्गत कागद बाहेर फुटला, त्यात विक्रेत्यांना शिकवलं होतं की जाहिरातदाराला ‘प्रॉस्पेक्ट्स’ हवे असतात, ‘सस्पेक्ट्स’ नव्हे. गिऱ्हाईक पाहिजे, संशयित नको. यमक जुळवायला कोणीतरी बसलं असणार, पेन चावत. मला हे वाचल्यावर आमच्या काउंटरसमोरची रांग दिसली : चर्चच्या टोपीतल्या आजी, गाडी डबल पार्क करून इन्हेलर न्यायला धावत आलेला बस ड्रायव्हर. हे संशयित. अशी अट करारात घालायला एफसीसीने, म्हणजे रेडिओ-टीव्हीवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, बंदी केली ती डिसेंबर २००७मध्ये. म्हणजे मी दुकानात लागले त्यानंतर सहा वर्षांनी. मधल्या काळात रेडिओवर मोठ्या गाड्यांच्या, बँकांच्या जाहिराती कमी आणि अपघाताच्या वकिलांच्या जास्त का वाजतात, याचा मी विचारच केला नव्हता. मला वाटायचं, इथे अपघात जास्त होत असतील.

जाहिरातींवरून स्टेशन ओळखायची विद्या मात्र माझी स्वतःची आहे आणि तिचा मला अभिमान आहे. कानाला गाणं लागायच्या आधी मला औषध लागतं. गेली काही वर्षं या स्टेशनवर मधुमेहाची गोळी, रक्तदाब, गुडघे आणि मूत्रपिंड. जाहिरातीच्या शेवटी तो माणूस एका दमात दुष्परिणाम वाचतो ना, तो भाग मी त्याच्याबरोबर म्हणते, गिऱ्हाइकं हसतात. आता याची गंमत अशी की जाहिरातवाल्यांच्या कोष्टकात या स्टेशनचा श्रोता २५ ते ५४ वर्षांचा. म्हणजे गाणी पस्तिशीला, गोळ्या साठीला. प्रत्यक्षात माझ्यासमोर गुणगुणणारी माणसं साठीच्या पुढचीच जास्त. मी स्वतः यंदा पंचावन्नची झाले. म्हणजे इतकी वर्षं ऐकून आता कुठे सगळ्या गाण्यांचे शब्द पाठ झाले, तर मी कोष्टकातून बाहेर. कॅशियरबाई सत्तरीच्या. त्या बाहेर पडून जमाना झाला, पण टेप अजून त्यांच्याच हातची.

कोष्टकात मी कधी होते का, हाही प्रश्नच. २००६ साली आमच्या घरी आर्बिट्रॉनचं, म्हणजे कोण कुठलं स्टेशन ऐकतं ते मोजणाऱ्या कंपनीचं, पाकीट आलं. आत छोट्या डायऱ्या आणि दोन कोऱ्या करकरीत डॉलरच्या नोटा. आठवडाभर कुठलं स्टेशन किती वेळ ऐकलं ते घरातल्या प्रत्येकाने लिहायचं. सासूबाई तेव्हा डोंबिवलीहून आलेल्या. त्यांनी आपली डायरी देवापुढे ठेवली आणि दोन्ही नोटा आमच्या लेकाच्या हातावर. मी मात्र मनापासून लिहिली : सकाळी दहा ते संध्याकाळी सात, १०७.५, कामाच्या ठिकाणी. सोमवारच्या पानावर हळदीचा डाग पडला, तो तसाच पाठवला. त्यांच्या हिशेबात माणसांचे खण तीन : ब्लॅक, हिस्पॅनिक आणि इतर. डोंबिवलीची पाटील, क्वीन्सचा इटालियन, चायनाटाउनमधली आजी, सगळे एकाच बरणीत. त्या आठवड्यात डब्ल्यूबीएलएसच्या खात्यात पंचेचाळीस तास ‘इतर’ जमा झाले असतील. वाचणाऱ्याला वाटलं असेल, कोणीतरी चुकून लिहिलंय.

पुढे २००८मध्ये न्यू यॉर्कला डायरी गेली आणि यंत्र आलं. पेजरएवढं, कमरेला लावायचं. स्टेशनच्या आवाजात कानाला न ऐकू येणारी खूण मिसळलेली असते, ती ते टिपतं. आठवणीचा प्रश्न मिटला म्हणे. पण हे यंत्र ज्यांच्या कमरेला लावलं ती माणसं कोण, यावर भांडण पेटलं. अर्बन आणि स्पॅनिश स्टेशनांचे आकडे घसरले. त्यांचं म्हणणं, निवडलेल्या घरांत कृष्णवर्णीय, हिस्पॅनिक, तरुण, फक्त मोबाइल वापरणारी घरं पुरेशी नाहीत. न्यू यॉर्कच्या ॲटर्नी जनरलने, म्हणजे तेव्हाच्या अँड्र्यू क्युओमोने, आर्बिट्रॉनवर खटला भरला आणि जानेवारी २००९मध्ये नमुना सुधारण्याच्या अटीवर तडजोड झाली. कॅशियरबाईंना मी हे सांगितलं तर म्हणाल्या, ‘‘डायरी असती तर मी आठवडाभर एकच आकडा लिहिला असता, झोपेतसुद्धा.’’ हेच तर यंत्राला नको होतं. त्याला कान पाहिजे होते आणि या बाईंचं तर सगळं घरच स्टेशनला वाहिलेलं.

एप्रिल २०१२मध्ये ९८.७ किस हे दुसरं स्टेशन बंद झालं. प्रौढ कृष्णवर्णीय श्रोत्यांसाठी शहरात दोन स्टेशनं होती, तीस वर्षांची चुरस, ती एकात मिळाली आणि ९८.७वर खेळांच्या गप्पा सुरू झाल्या. त्या दिवशी दुकानात मयताला आल्यासारखी माणसं येत होती. एक आजोबा रिफिल न घेताच गेले.

आता माझं स्वतःचं प्रकरण, कारण ‘तुला काय मिळतं यात’ हा खरा प्रश्न आहे.

२००२चा उन्हाळा. एसी बिघडलेला, मी आतल्या फळीवर गोळ्या मोजत होते. पाच-पाच, ट्रेवरून सुरीने सरकवत. आणि रेडिओवर ढोलकी वाजली आणि त्यावर लताबाई. मी मोजणी विसरले. नव्वद गोळ्या परत पहिल्यापासून मोजल्या. ते ट्रूथ हर्ट्स नावाच्या गायिकेचं गाणं, रचना डीजे क्विकची, मध्ये राकीमचं रॅप, आणि खाली सबंध गाणंभर बप्पी लाहिरींच्या १९८१च्या ‘ज्योती’ सिनेमातला लताबाईंचा आवाज फिरत होता. मी बाहेर आले आणि सगळ्या दुकानाला सांगितलं, ही आमची आहे. ‘‘कोण, ती मागे गाते ती?’’ कॅशियरबाईंना वाटलं, माझी कोणी नातेवाईक. मी नाही म्हटलं नाही. पुढचे दोन महिने गाणं लागलं की गिऱ्हाइकं आत ओरडायची, ‘‘तुझी मावशी आली!’’

गंमत पुढे कळली. त्या तबकडीवर लाहिरींचं नावच नव्हतं. ते कोर्टात गेले आणि त्यांचं नाव घातल्याशिवाय अल्बम विकायचा नाही असा आदेश झाला. २००२मध्येच एरिक सर्मन या रॅपरचं एक गाणं जोरात होतं. त्यात एका जुन्या हिंदी गाण्याची ओळ कापून घातलेली, जिचा अर्थ, एखाद्याला आत्महत्येचीच हौस असेल तर कोणी काय करावं. आणि त्यावर रॅपर ऐटीत उत्तर देतो की ती काय म्हणाली असेल ते असो, मीही तसाच. मी हसून हसून काउंटरला टेकले. अर्थ सांगितल्यावर सगळं दुकान हसलं. पण रात्री घरी जाताना गाडीत वाटलं, आवाज पाहिजे, बाई काय म्हणतेय ते नको. अर्थात ही तक्रार मी कुठल्या तोंडाने करू? आपल्या सिनेमांनी त्यांचे किती ताल उचलले त्याचा हिशेब कोणी मांडलाय?

जानेवारी २००५मध्ये मात्र हसू आलं नाही. न्यू यॉर्कच्या एका हिप-हॉप स्टेशनच्या सकाळच्या कार्यक्रमात त्सुनामीत मेलेल्यांची टवाळी करणारं गाणं वाजवलं गेलं. दोन आठवड्यांपूर्वी नागपट्टिणमचे फोटो बघून आम्ही जेवलो नव्हतो. त्याच कार्यक्रमातली मूळ कोरियन वंशाची सहकारी तिथल्या तिथे, माइकवर, हे बरोबर नाही म्हणाली. पुढे जाहिरातदार हटले, काहींच्या नोकऱ्या गेल्या. आमच्या दुकानात त्या आठवड्यात एका बाईंनी औषधाची पिशवी घेताना माझा हात धरला आणि म्हणाल्या, ‘‘ते आमच्या वतीने बोलत नाहीत.’’ तेव्हा पहिल्यांदा समजलं की ‘अर्बन’च्या बरणीतही खण आहेत, आणि त्यांनाही ते बोचतात.

तारा कापला तो याच खणांसाठी. या स्टेशनच्या मनातला श्रोता म्हणजे अमेरिकन कृष्णवर्णीय, नोकरीवाला, घरचा हप्ता फेडणारा. कॅरिबियन संगीताला वर्षानुवर्षं वीकेंडच्या रात्रीचा कोपरा. आमच्या नायजेरियन गिऱ्हाइकांच्या वाट्याला तेवढंही क्वचित. त्यांतले एक काका तर कानात स्वतःचं लावूनच रांगेत उभे राहतात. एकाच रंगाच्या माणसांना एकच आवड, असा हिशेब गोऱ्या एजन्सीने केला तर आपण रागावतो. स्टेशनने स्वतः केला तर? शिवाय तीच चाळीस गाणी. एका गाण्याचा कडवं संपून ध्रुवपद येण्याआधीचा श्वाससुद्धा मला पाठ आहे.

तरी चार तारे दिले, ते २०२१मुळे. लस आली तेव्हा आमच्याकडे साठा होता आणि माणसं येत नव्हती. एक आजोबा मला म्हणाले, ‘‘टस्कीगी माहीत आहे का तुला?’’ माहीत होतं, पण पुस्तकातलं. अलाबामात १९३२पासून चाळीस वर्षं सरकारी डॉक्टरांनी सिफिलिस झालेल्या कृष्णवर्णीय माणसांना उपचार न देता नुसतं बघत ठेवलं. त्यावर मी, पांढरा कोट घातलेली ‘इतर’ बाई, काय उत्तर देणार? ते रेडिओने दिलं. त्यांच्यातलेच डॉक्टर, त्यांच्यातलेच निवेदक, रोज, न रागावता. भीती खरी आहे असं आधी म्हणायचे आणि मग लसीवर यायचे. पंधरा दिवसांनी तेच आजोबा आले आणि बाही वर करता करता म्हणाले, ‘‘रेडिओवाल्यांनी पाठवलंय.’’ त्याच महिन्यात आमच्या मंडळातले ज्येष्ठ नागरिक व्हॉट्सॲपवरून काढा शिकत होते. त्यांच्याशी त्यांच्या भाषेत बोलणारं, त्यांना ओळखीचं वाटणारं स्टेशन कुठे होतं?

एक देशी स्टेशन होतं की. नाव नको. २०१४ साली आम्ही साखर तपासणीचं मोफत शिबिर ठेवलं होतं, मला वाटलं आपली माणसंही येतील, म्हणून चौकशी केली. जाहिराती घेणाऱ्या मुलाने विचारलं, ‘‘गुजराती, पंजाबी, तेलुगू?’’ मी म्हटलं, मराठी. ‘‘मॅडम, मराठीसाठी वेगळं कशाला? ते हिंदी ऐकतातच.’’ ऐकतातच. ठाण्याला राहणारा माझा भाचा सांगतो की मुंबईतल्या एका एफएमवाल्याने त्याला हेच ऐकवलं होतं, फक्त वर ‘डाउनमार्केट’ हा शब्द जोडून. जो आपोआप ऐकतो त्याला कोणी विचारत नाही. आम्ही शेवटी पत्रकं छापली.

आता नवीन गंमत. दुकानातला रेडिओ दोन महिन्यांपूर्वी खरखरायला लागला, म्हणून मी फोनवर स्टेशनचं ॲप घेतलं. दोन्ही एकदम लावून बघितले. फोन अर्धा-पाऊण मिनिट मागे चालतो. गाणं तेच, निवेदक तोच, एकाचा शब्द दुसऱ्याच्या मागे धावतोय. मग जाहिराती आल्या. फ्रिजवर अपघाताचा वकील आणि गुडघ्याचं मलम. माझ्या हातातल्या फोनमध्ये भारतात पैसे पाठवा, पहिल्या वेळी शुल्क नाही. मी फोन कॅशियरबाईंच्या कानाशी धरला. त्यांनी ऐकलं, मान वर करून फ्रिजवरच्या रेडिओकडे बघितलं आणि परत फोनकडे.

‘‘बघ,’’ म्हणाल्या, ‘‘शेवटी सापडलीस त्यांना.’’

आणि ड्रॉवरमधून टेपचा रोल काढून चाकावरची सुटत आलेली कड परत दाबून बसवली.